चौघांची चीनवारी

शेतकऱ्याला सवड मिळते ती कधी, हे तुम्हांला सांगायला नको. उन्हाळी नांगरट आटोपून ढेकळं तापत पडलेली असतात, कांदा चाळीत गेलेला असतो, घरातली आणि भावकीतली लग्नं उरकलेली असतात. मग मृग निघेपर्यंत जे पंधरा-अठरा दिवस हाती राहतात, तीच आपली सुट्टी. कोणी पंढरपूर-तुळजापूर करतो, कोणी लेकीच्या गावी जाऊन येतो. २०१८ सालच्या मे महिन्यात याच सवडीत आम्ही चार मित्र चीनला जाऊन आलो.

तुम्ही म्हणाल, चार शेतकऱ्यांना ही कसली हौस सुचली? सांगतो. आम्ही चौघे कृषी पदविकेला असताना वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहायचो. मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला. बाकीच्या तिघांची नावे सांगत नाही, त्यांच्या मुलखावरूनच त्यांना ओळखा : सोलापूरकर, कोकणकर आणि वऱ्हाडकर. खोलीच्या भिंतीवर जगाचा जुना नकाशा होता. "पन्नाशी उलटली की एकदा हिमालयापलीकडची शेती बघून येऊ," असे आम्ही तेव्हा थट्टेने म्हणायचो. पन्नाशी उलटून चार वर्षे झाली, तेव्हा सोलापूरकराने ती थट्टा खरी करायचे मनावर घेतले.

अट एकच होती, खर्च माफक. यात्रा कंपनी नको, मोठे हॉटेल नको. पाठीवर एकेक पिशवी, स्वस्त मुक्काम, साधी आगगाडी, आणि मृगाच्या आत घरी.

घरच्यांना काळजी वाटणे साहजिक होते. आमच्या पिढीला चीन म्हटले की १९६२ ची लढाई आठवते. माझ्या आईने तर विचारलेच, "त्यांनी धरून ठेवलं तर?" सौभाग्यवतीची काळजी निराळी, "तिथं तुम्ही खाल काय?" चौघांत दोघे शाकाहारी, म्हणून प्रश्न रास्तच होता. सोलापूरकराने त्याच्यावर उपाय केला. शेंगदाण्याच्या चटणीची दोन किलोची पिशवी त्याने सामानात घातली. पुढे त्या चटणीने आमची अब्रू राखली.

वऱ्हाडकर मात्र जरा गप्प होता. त्याची यवतमाळकडे सात एकर जमीन, कापूस-तुरीची. दोन्ही मुले पुण्यात नोकरीला लागलेली. गावातल्याच एका व्यापाऱ्याने जमिनीला चांगला भाव सांगितला होता आणि तो इसाराचे पैसे घेऊन घरी येऊन बसला होता. "परत आल्यावर सांगतो," एवढेच उत्तर देऊन आमचा मित्र निघाला होता. हे ओझे त्याच्या पिशवीत होते, आणि ते आमच्याबरोबर चीनभर हिंडले.

बीजिंगच्या गल्ल्या

आम्ही उतरलो बीजिंगला. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. देश एवढा अवाढव्य, तरी सगळ्या देशाला वेळ एकच. एका जुन्या गल्लीत, जिला तिथे 'हुतोंग' म्हणतात, सामायिक खोलीत खाट मिळाली. माणशी रात्रीला ५५ युआन. तेव्हा एक युआन म्हणजे आपले सुमारे दहा रुपये, म्हणून हिशेब करायला बरे. एक शून्य वाढवले की झाले.

या गल्ल्या पाहून परके वाटत नाही. दारात म्हातारे पट मांडून बसलेले, सकाळी पिंजऱ्यातला पक्षी घेऊन फिरायला निघालेले, आणि संध्याकाळी चौकात बायाबापड्या गाणे लावून एका ठेक्यात नाचताना. आपल्याकडे साठीच्या सासूबाईंनी चौकात नाचायचे म्हटले तर काय होईल, याची कल्पना करून आम्ही खूप हसलो.

भाजीवाल्या बाईच्या गाडीवर एक ठिपक्याठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला होता. गिऱ्हाईक आपला मोबाइल त्याच्यासमोर धरी आणि पैसे पोचत. आज आपल्या आठवडी बाजारातही हे सर्रास दिसते, पण तेव्हा आम्हांला त्याचे मोठे अप्रूप वाटले. आम्ही मात्र रोखीवाले. नोट पुढे केली की ती बाई सुट्ट्यासाठी शेजारणीकडे धावायची.

चीनची भिंत पाहिली. साध्या बसने गेलो. डोंगराच्या कण्यावरून ती वर-खाली जाते आणि पायऱ्या अशा चढणीच्या की गुडघे बोलू लागतात. कोकणकर धापा टाकत म्हणाला, "राजानं भिंत बांधली असं म्हणतात, पण दगड वाहणाऱ्याचं नाव कुठं आहे?" तिथे कोणाकडेच त्याचे उत्तर नव्हते.

बीजिंग सोडताना आमची फजिती झाली. तुम्ही कधी गेलात तर ध्यानात ठेवा, या शहरात मोठी रेल्वे स्टेशने एकाहून जास्त आहेत. आमचे तिकीट पश्चिम स्टेशनचे आणि आम्ही जाऊन उभे मुख्य स्टेशनावर. गाडी गेली. चूक सर्वस्वी आमची. पण खिडकीतल्या मुलीने आमचे चेहरे पाहिले, पासपोर्ट मागितले आणि त्याच दिवशीच्या पुढल्या गाडीचे तिकीट करून दिले. तेव्हापासून दर स्टेशनावर दोन तास आधी जाऊन बसायचे, असा आम्ही नेम केला.

सोलापूरचा डॉक्टर

पहिला थांबा शिजियाझुआंग. बीजिंगच्या दक्षिणेला पावणेतीनशे किलोमीटरवर होपेई प्रांताची ही राजधानी. प्रवासी फारसे जात नाहीत. आम्ही गेलो ते सोलापूरकराच्या हट्टाखातर. तिथल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आहे.

तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आठवत असेल. कोटणीस मूळ सोलापूरचे, जन्म १९१० चा. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा आपल्या राष्ट्रीय सभेने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक मदतीला धाडले. त्यात हे एक. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. रणांगणालगतच्या खेड्यांतून त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकले, तिथल्याच परिचारिका को छिंगलान यांच्याशी लग्न केले. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते वारले, तेव्हा वय अवघे बत्तीस. मुलगा अगदी तान्हा होता.

समाधीपाशी त्यांचा पांढरा पुतळा आहे. आवारात झाडी दाट आणि सकाळची वेळ शांत. सोलापूरकराने दारापाशी फुले घेतली होती, ती वाहिली. मग काय करावे ते त्याला सुचेना. शेवटी त्याने टोपी काढली आणि नुसता उभा राहिला. झाडलोट करणारा एक वृद्ध गडी जवळ आला. आमच्याकडे बोट दाखवून "इंदू?" म्हणाला, म्हणजे हिंदुस्थानचे का? आम्ही मान हलवली. त्याने पुतळ्याकडे हात केला, "के दिहुआ" म्हणाला, हे डॉक्टरांचे चिनी नाव, आणि कमरेत वाकला. खराटा बाजूला ठेवून तो आमच्याबरोबर उभा राहिला.

दोन देशांचे राज्यकर्ते भांडतात, मिटवतात, पुन्हा भांडतात. पण एका माणसाने केलेली सेवा पाऊण शतक झाले तरी झाडणाऱ्यालासुद्धा ठाऊक असते, हे आम्ही तिथे पाहिले.

आगगाडीच्या खिडकीतून

शिजियाझुआंगहून चेंगडूपर्यंतचा प्रवास साध्या गाडीने, एक रात्र आणि जवळजवळ एक सबंध दिवस. तिथे झोपायच्या डब्याचे दोन वर्ग असतात, मऊ आणि कडक. आम्ही अर्थातच कडक. एकावर एक तीन फळ्या, पण गादी-रजई स्वच्छ. प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा बंब असतो. जो तो आपली बाटली भरून आणतो, चहाची पाने टाकतो आणि दिवसभर घोट घोट पितो. आम्ही मँटो नावाचे वाफवलेले पाव घेतले होते, चवीला फिके. त्याला सोलापूरची चटणी लावली. समोरच्या फळीवरच्या कुटुंबाला दिली, तर त्यांनी आम्हांला उकडलेली अंडी आणि सूर्यफुलाच्या बिया दिल्या. भाषेचा एक शब्द न बोलता चटणी फस्त झाली.

खिडकीबाहेर होपेई आणि हेनान प्रांतांचे सपाट मैदान. कापणीला आलेला गहू, क्षितिजापर्यंत पिवळाच पिवळा. एका ठिकाणी रस्त्याने कापणीयंत्रांची रांग उत्तरेकडे निघालेली दिसली. गहू दक्षिणेकडून उत्तरेकडे पिकत जातो आणि ही यंत्रे त्याच्या मागोमाग गावोगाव फिरतात. आपल्याकडे पंजाबची कापणीयंत्रे येतात, तशीच ही रीत.

पण एक गोष्ट खटकत होती. मैलोगणती शेते दिसत होती, त्यांत माणसे दिसत होती, पण जवळजवळ सगळी पिकल्या केसांची. वऱ्हाडकर खिडकीला नाक लावून बसला होता. म्हणाला, "गड्या, इथंबी पोरं दिसत नाहीत शेतात."

न अडवता वळवलेले पाणी

चेंगडू ही सिचुआन प्रांताची राजधानी. भोवतीचा सखल प्रदेश इतका सुपीक की चिनी लोक त्याला स्वर्गातले कोठार म्हणतात. इथले जेवण झणझणीत. पहिल्याच दिवशी भाजीत मिरचीबरोबर काळपट-तांबडी फळे आली आणि जीभ मुंग्या आल्यासारखी झाली. आम्ही तिघे घाबरलो. कोकणकराने एक फळ दाताखाली धरले आणि टेबलावर थाप मारली, "अरे, हा तर आमच्या तिरफळाचा भाऊ!" खरेच, दोन्ही एकाच कुळातली. आपण ते माशांच्या आमटीत घालतो, ते सगळ्यात घालतात.

मुक्कामाच्या जागी कॉलेजात शिकणारी एक मुलगी काम करायची. इंग्रजी बरे बोलायची. आम्ही शेतकरी आहोत आणि दुजियांगयान बघायला आलो आहोत हे कळल्यावर ती हरखली. तिच्या आजीचे खेडे तिथून जवळच होते. आपल्या सुट्टीच्या दिवशी ती आमच्याबरोबर निघाली.

दुजियांगयान चेंगडूहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. वाचकहो, साऱ्या प्रवासात एकच ठिकाण बघायचे असेल, तर मी हे सांगेन. मिन नदी इथे डोंगरातून सपाटीवर उतरते. पूर्वी पावसाळ्यात ती सारा मुलूख बुडवायची आणि एरवी शेते तहानलेली. ख्रिस्तापूर्वी २५६ च्या सुमारास, म्हणजे पावणेतेवीसशे वर्षांमागे, ली बिंग नावाचा सुभेदार इथे होता. त्याने नदी आडवी अडवली नाही. पात्राच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा लांबोळका बांध घातला आणि नदीचे दोन फाटे केले. आतला फाटा अरुंद आणि खोल, बाहेरचा रुंद आणि उथळ. पाणी कमी असते तेव्हा सहा हिस्से आतल्या फाट्याने शेतांकडे जाते आणि चार हिस्से बाहेर. पुराच्या वेळी उलट होते, बहुतेक पाणी रुंद फाट्याने निघून जाते. दरवाजा नाही, चावी नाही. नदीच्या तळालाच जणू वाटणीचा कागद लिहून ठेवला आहे.

पुढे एक ठेंगणा सांडवा आहे. जादा पाणी त्यावरून उसळून बाहेर पडते आणि जाताना वाळू-गोटेही घेऊन जाते. त्यानंतर डोंगर फोडून काढलेली अरुंद खिंड, तीतून पाणी कालव्यांना लागते. तेव्हा सुरुंगाची दारू नव्हती. लोक खडकावर जाळ करायचे, खडक तापला की गार पाणी ओतायचे, आणि तडकलेला दगड पहारीने काढायचे. बांधासाठी बांबूच्या लांबलचक कणग्या विणायच्या, त्यांत गोटे भरायचे आणि त्या पाण्यात रचायच्या.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हे काम बांधून संपले नाही. दर हिवाळ्यात लाकडी तिवया आणि चटया लावून एकेक फाटा बंद करायचा, साचलेला गाळ उपसायचा, कुजलेल्या कणग्या बदलायच्या, असा तिथला शिरस्ता पडला. गाळ किती खोल काढायचा याच्या खुणा नदीच्या तळाशी पुरून ठेवल्या आहेत, पुढे तर त्यासाठी लोखंडाच्या जाड कांबीच पुरल्या. खूण दिसेपर्यंत खणायचे, म्हणजे पुढच्या साली पाणी बरोबर वाटले जाते. वसंत ऋतूत पाणी सोडायचा सण व्हायचा, आणि आजही तो साजरा होतो.

आता तिथे सिमेंट-काँक्रीट आले आहे, १९७४ साली बाहेरच्या फाट्यावर दरवाजे बसले, वरच्या अंगाला मोठे धरणही झाले. १२ मे २००८ च्या भूकंपात हे गाव पार हादरले, खूप माणसे गेली. पण मुळातली ती वाटणी टिकली. माशाच्या तोंडाला भेगा पडल्या, त्या बुजवल्या. आज या पाण्यावर साडेसहा लाख हेक्टरांहून अधिक जमीन भिजते.

मी त्या बांधावर बराच वेळ उभा होतो, कारण मला आमची पांझरा दिसत होती. आमच्या भागात फड पद्धत होती. नदीवर ठेंगणे बंधारे, त्यांतून निघालेले पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्या फडात एक पीक, कोणता पडीक, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे. पाटकरी पाणी सोडायचा, जागल्या राखण करायचा, आणि वर्षातून एकदा घरटी माणूस पाट उपसायला यायचा. माझ्या वडिलांबरोबर मी ती पाटी उचलली आहे. पुढे घरोघर विहिरी-मोटरी झाल्या, जो तो आपल्या पाण्याचा मालक झाला आणि पाट गाळाने भरला. बंधारा अजून जागेवर आहे, उपसणारे हात गेले. ली बिंगच्या बांधावर मला पहिल्यांदा उमगले की आमचा पाट पुराने नेला नव्हता. आम्ही तो सोडून दिला होता.

आजीचे चार मू

त्या मुलीच्या आजीचे घर कालव्याच्या कडेला होते. अंगणात कोंबड्या, दारापाशी हिरव्या मिरचीचे वाफे, मागे किवी नावाच्या फळाचा मांडव. आजी सत्तरीच्या पुढची, पाठीत वाकलेली पण डोळे तल्लख. तिने आम्हांला गरम पाणी दिले, तिथे पाहुण्याला गारेगार पाणी देत नाहीत.

तिची जमीन चार मू. सहा मू म्हणजे साधारण एक एकर, तेव्हा आजी पाऊण एकराचीही धनीण नव्हे. त्यातली निम्मी शेजाऱ्याला कसायला दिलेली, निम्म्यात नुकतीच भाताची लावणी झालेली.

वऱ्हाडकराने मला कोपराने ढोसले. "इचार तं खरं, एकराले काय भाव हाय इथं?"

मी मुलीला विचारले, तिने आजीला. आजी आधी गोंधळली, मग हसली. जमीन विकता येतच नाही, ती म्हणाली. जमीन गावाच्या समूहाची. कुटुंबाला ती तीस-तीस वर्षांच्या कराराने कसायला मिळते. दुसऱ्याला भाड्याने देता येते, विकता येत नाही.

मग आजी आपणहून बोलू लागली. १९५८ साली सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून कम्यून झाले. घरातली भांडीसुद्धा गेली, जेवण सामायिक भटारखान्यात. त्यानंतर १९५९ ते १९६१ ही दुष्काळाची साले. धान्य सरकारात जमा आणि गावात झाडाच्या साली खायची वेळ. देशात काही कोटी माणसे गेली, सिचुआनची दशा तर फार वाईट. आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची. तिचा धाकटा भाऊ त्यात गेला. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही की उतरला नाही. फक्त मिरच्या निवडणारा हात थांबला.

जमीन पुन्हा घरांकडे कशी आली, तीही कथा ऐकण्यासारखी आहे. १९७८ साली अन्हुई प्रांतातल्या शियाओगांग खेड्यात अठरा शेतकऱ्यांनी रात्री गुपचूप जमून एका कागदावर अंगठे उठवले. जमीन घरोघर वाटून घेऊ, सरकारचा हिस्सा भरू, उरेल ते आपले. हे उघडे पडून कोणी तुरुंगात गेला, तर त्याची मुले अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. पुढच्या सुगीला धान्याची रास पाहून सरकारलाच वाट बदलावी लागली. काही वर्षांत देशभर कम्यून मोडले. २००६ पासून तर शेतसाराही बंद झाला.

आजीने वऱ्हाडकराला विचारले, "तुमची किती?"

सात एकर म्हणजे बेचाळीस मू. ऐकून आजीने तोंडावर हात ठेवला. "मग तुम्ही जमीनदारच! मुलगा काय करतो?"

"पुण्याला कंपनीत."

"माझाही तिकडेच," आजी म्हणाली. तिकडे म्हणजे दूर ग्वांगडोंगच्या कारखान्यात. ती नात तिच्याकडेच वाढली. मुलगी आम्हांला सांगू लागली, आईबाप वर्षातून एकदा यायचे, वसंत सणाला. पाच-सात दिवस राहून जायचे. ते निघायच्या दिवशी आजी तिला मुद्दाम शेतावर घेऊन जायची, म्हणजे गाडी दिसू नये. तिथल्या कायद्याने माणसाची नोंद जन्मगावाला बांधलेली. शहरात कामाला जाता येते, पण तिथल्या सरकारी शाळेत मुलाला घालणे कठीण. २०१८ च्या सरकारी मोजणीत अशी मागे राहिलेली मुले सुमारे सत्तर लाख भरली.

आजीचा शेवटचा प्रश्न साधा होता, "मग तुमचं शेत कोण बघतं?"

वऱ्हाडकराने उत्तर दिले नाही. परतताना कालव्याच्या कडेने चालत असता तो एवढेच म्हणाला, "तिले इकता येत नाही, अन् मले राखता येत नाही."

जमीन विकता न येणे चांगले की वाईट, यावर आमचा रात्री बराच वाद झाला. सोलापूरकर म्हणाला, सावकाराच्या घशात जात नाही, हे बरे. कोकणकर म्हणाला, पण सरकारने रस्त्या-कारखान्याला मागितली तर शेतकऱ्याच्या हाती काय? तिथे तसेही पुष्कळ झाले आहे. कोणाचेच म्हणणे खोटे नव्हते.

डोंगरावरची खाचरे

शेवटचा टप्पा ग्वांगशी प्रांतातला. चेंगडूहून गुइलिनला जाताना मात्र आम्ही वेगवान गाडीची चैन केली, कारण दिवस संपत आले होते. बोगदा, पूल, पुन्हा बोगदा. गुइलिनहून बसने लाँगजीला गेलो.

लाँगजी म्हणजे ड्रॅगनचा कणा. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत भाताची खाचरे, पायऱ्यांसारखी. काही इतकी चिंचोळी की बैल वळायचा नाही. सहाशे वर्षांपूर्वीपासून च्वांग आणि याओ जमातींनी ही हाताने रचली. माथ्यावरची झाडी राखलेली, तिथले पाणी झिरपून वरच्या खाचरात येते, तिथून खालच्यात, तिथून त्याखालच्यात. जूनचा आरंभ होता. सगळी खाचरे पाण्याने भरलेली, त्यांत आभाळ उतरलेले, आणि लावणी चालू.

आम्ही एका लाकडी घरात मुक्काम केला. यजमान तिशीतला, दहा वर्षे ग्वांगडोंगला कारखान्यात होता. परत आला आणि घराच्या चार खोल्या प्रवाशांना देऊ लागला. या गावाला प्रवाशांच्या तिकिटातून वाटा मिळतो, पण त्यासाठी खाचरे पिकती राहिली पाहिजेत, हे त्याने मोबाइलवरच्या दुभाष्यातून आम्हांला सांगितले. पडीक खाचर भेगाळते, बांध फुटतो आणि वरच्या एकाबरोबर खालच्या दहांचे नुकसान होते. म्हणून शेजारी गेला असेल तर त्याचेही खाचर कोणीतरी लावायचे.

सकाळी कोकणकराला राहवेना. त्याने विजार गुडघ्यावर दुमडली आणि लावणी करणाऱ्या बायांच्या ओळीत उतरला. त्या खिदळू लागल्या. त्याने मूठ सोडवली, तीन-चार रोपे चिमटीत धरली आणि मागे मागे सरकत लावत गेला. हसणे थांबले. एका म्हातारीने वाकून त्याची ओळ पाहिली आणि दुसरी मूठ त्याच्या हातात दिली. मग आम्हीही उतरलो. वऱ्हाडकर कापसाच्या मुलखातला, त्याला भाताचा अनुभव नाही. त्याची ओळ वाकडी झाली, म्हातारीने ती उपटून पुन्हा लावायला लावली. दुपारी चिखलाने माखलेला तो बांधावर बसला, तेव्हा कितीतरी दिवसांनी मोकळा हसला.

६ जूनला आम्ही घरी पोचलो. मृग निघायला एक-दोन दिवस होते.

हिशेब

आता व्यवहाराचे. अठरा दिवसांचा माणशी खर्च ७८ हजार रुपये झाला. त्यात जाण्यायेण्याचे विमान २९ हजार, व्हिसा आणि कागदपत्रे ५ हजार, तिथल्या आगगाड्या आणि बस १७ हजार, मुक्काम १० हजार, जेवण ९ हजार, तिकिटे आणि इतर ८ हजार. हे दर २०१८ चे. त्यानंतर करोना आला, २०२० मध्ये गलवानची चकमक झाली आणि ये-जा थांबली. २०२५ च्या ऑक्टोबरात दोन्ही देशांमधली थेट विमाने पुन्हा सुरू झाली. जाणार असाल तर शाकाहारी असल्याचा कागद चिनी अक्षरांत लिहून घ्या, मुक्कामाचा पत्ताही तसाच लिहून खिशात ठेवा, आणि चटणी दोन नव्हे, तीन किलो न्या.

वऱ्हाडकराचे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. त्याने इसार घेतला नाही. पाच एकर गावातल्याच एका होतकरू जोडप्याला मक्त्याने दिली, दोन एकर स्वतःकडे ठेवली. मुलगा काही परत आला नाही. पण सुट्टीत येतो तेव्हा आता बांधावर जातो, असे मित्र सांगतो. जमीन अजून त्याच्या नावावर आहे. पुढे काय होईल ते तोही सांगू शकत नाही.

आणि आमचा पाट. त्या साली दिवाळीनंतर मी गावात सांगून पाहिले की एका रविवारी पाट उपसू. पहिल्या रविवारी सात जण आलो, त्यांत साठीखालचे चौघे. लोक कडेला उभे राहून बघत होते. पुढच्या साली अकरा, गेल्या साली एकोणीस. बंधाऱ्यापासूनचा पाट थोडाथोडा मोकळा होतो आहे आणि पहिल्या फडातल्या काही शेतांना पावसाळ्यात त्याचे पाणी लागते. फार मोठे काम नाही. खणता खणता तळाची जुनी फरशी लागली, तेव्हा वडिलांच्या बरोबरीचे एक आजोबा काठीने ती ठोकून म्हणाले, "इथवरच काढायचा गाळ. हीच खूण."

वाचकहो, तुमच्याही गावात असा एखादा पाट, तळे, बारव असेल. त्याच्या तळाची खूण कुठे आहे हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत, तोवर एकदा विचारून घ्या.